सांधा बदलताना

कथा सलग वाटते, पण ती सलग नसते. तिच्यात प्रसंग असतात आणि दोन प्रसंगांच्या मध्ये गाळलेला काळ असतो, कधी दहा मिनिटांचा, तर कधी तीस वर्षांचा. पात्र घराबाहेर पडते आणि पुढच्या ओळीत कचेरीत बसलेले असते. मधला रस्ता लेखक लिहीत नाही आणि वाचकालाही तो नको असतो. ही उडी वाचकाला न अडखळता घेता यावी म्हणून लेखक जी दोन-तीन वाक्ये योजतो, त्यांना येथे सांधा म्हटले आहे. चांगला सांधा कोणाच्या लक्षात येत नाही. वाईट सांधा आला की वाचक दोन ओळी मागे जाऊन पुन्हा वाचू लागतो आणि तेवढ्यात कथेवरची त्याची पकड सुटते.

नव्या प्रसंगात शिरताच वाचकाला तीन गोष्टी हव्या असतात: आपण कुठे आहोत, केव्हा आहोत आणि कोणाबरोबर आहोत. ही उत्तरे पहिल्या दोन-तीन वाक्यांत मिळाली नाहीत तर वाचक ती स्वतःच ठरवतो, आणि बहुधा चुकीची ठरवतो. मग सहाव्या ओळीत ‘मुलगी हसली’ असे आले की त्याच्या मनातल्या म्हाताऱ्याची एकदम मुलगी होते. या तीन उत्तरांनी सांधा समजतो. तो जाणवू नये यासाठी आणखी एक गोष्ट लागते. मागच्या प्रसंगातले काहीतरी पुढच्या प्रसंगात आले पाहिजे, मग ती वस्तू असो, शब्द असो, भीती असो किंवा उत्तर न मिळालेला प्रश्न असो.

मराठीत ही कला छापील कादंबरीच्या कितीतरी आधीची आहे. व्रताच्या कहाण्यांत सांगणारी बाई एका दमात राजवाड्यातून रानात जाते आणि ऐकणाऱ्या बायकांचे बोट सुटत नाही, कारण प्रत्येक उडीआधी ती पुढे काय झाले हे विचारून मगच सांगते. नारदीय कीर्तनात तर सांध्यासाठी जागाच राखून ठेवलेली असते. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण झाले की नामाचा गजर होतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो, श्रोते सावरून बसतात आणि मग उत्तररंगातले आख्यान सुरू होते. आख्यानातही बुवा लंकेतून किष्किंधेत जातात ते एखादी साकी किंवा दिंडी म्हणून, पेटीला दोन आवर्तने वाजवायला देऊन आणि मग ‘इकडे’ या एका शब्दाने. इकडे रामचंद्र काय करताहेत, तिकडे सीतामाईची काय अवस्था आहे. इकडे आणि तिकडे या दोन शब्दांवर मराठी कथाकथनाने शेकडो वर्षे काढली. बुवांचा आवाज, हातवारे आणि पेटी मदतीला असल्यामुळे त्यांना एवढे पुरे होते. कागदावर मात्र यातले काहीच नसते.

छापील कादंबरी आली तेव्हा लेखकांनी बुवांची पद्धतच उचलली. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांत लेखक मधूनच वाचकाला हाक मारतो, अमक्याला येथेच सोडून आता तमक्याकडे वळू असे सांगतो आणि प्रकरण बदलतो. आज हे भाबडे वाटते, पण त्यात गोंधळ नव्हता. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. क्रमशः छापलेल्या मजकुरात दोन प्रसंगांच्या मध्ये वाचकाचाही खरा आठवडा गेलेला असतो, म्हणून प्रकरणाच्या सुरुवातीला जरा जास्त आठवण करून द्यावी लागते. आपट्यांनी ही कथा यमूच्या तोंडून सांगितली, आणि आठवणी सांगणाऱ्या बाईला एका प्रसंगातून दुसऱ्यात जाण्यासाठी वेगळे निमित्त लागत नाही. एक आठवण दुसरीला ओढून आणते.

पुढे हैदराबादमध्ये घडणाऱ्या एका कथेचे उदाहरण घ्यायचे आहे, त्या शहराच्या संदर्भात १९३१ हे वर्ष येथे नोंदवण्यासारखे आहे. त्या वर्षी मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरले आणि अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. त्याच वर्षी ना. सी. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ प्रसिद्ध झाले. कथा-कादंबरीचे तंत्र शिकता येते, ते शिकले पाहिजे, असे ठासून मांडणारे ते पुस्तक. केतकरही कादंबरीकार होते, पण नेमके उलट्या टोकाचे. त्यांच्या ‘ब्राह्मणकन्या’, ‘परागंदा’ यांसारख्या कादंबऱ्यांत विचारांची श्रीमंती मोठी, पण प्रसंग मध्येच थांबतो, समाजशास्त्राची चर्चा सुरू होते आणि पात्रे त्या चर्चेत हरवून जातात. फडक्यांचे सांधे तुकतुकीत असतात आणि आत कधी कधी फारसे काही नसते. केतकरांकडे आत पुष्कळ असते आणि सांधे करकरतात. दोघांतून निवड करायची वेळ आली तर केतकर परवडले, असे म्हणणारे वाचक आजही सापडतील. पण अशी निवड करावीच लागते असे नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. हैदराबादमध्ये कोठी आणि अफझलगंज यांच्या मध्ये, मुसी नदीच्या उत्तरेला गौलीगुडा आहे. या भागात आणि आसपासच्या जांबाग, सुलतान बाजार, इसामिया बाजार या वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. समजा, एका कथेतले अण्णा हे निवृत्त शिक्षक गौलीगुड्यातल्या जुन्या घरात राहतात. मुलगा श्रीकांत पुण्यात असतो आणि त्याला ते घर विकायचे आहे. पहिल्या प्रसंगात अण्णा ट्रंकेतले घराचे कागद पाहतात. दुसरा प्रसंग पुण्यात आहे. नवखा लेखक मधला भाग बहुधा असा लिहितो:

अण्णांनी ट्रंक बंद करून कुलूप लावले. मग ते जेवले. सामान आवरून त्यांनी रिक्षा बोलावली. नामपल्ली स्टेशनावर गर्दी होती. गाडी वेळेवर सुटली. वाडी गेले, सोलापूर गेले, दौंड गेले. सकाळी पुणे आले. श्रीकांत न्यायला आला होता. दोघे एकमेकांना भेटले. थोड्या वेळाने श्रीकांतने विचारले, “ट्रंकेची किल्ली आणलीत ना?”

यातले एकही वाक्य चुकीचे नाही, आणि पहिले आणि शेवटचे वाक्य सोडले तर एकही गरजेचे नाही. हा प्रवास कथेत नाही, रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. लेखकाला प्रवास गाळायची भीती वाटते, कारण मधला दुवा तुटेल असे त्याला वाटते. प्रत्यक्षात दुवा पहिल्या वाक्यातल्या कुलपात आणि शेवटच्या वाक्यातल्या किल्लीत आहे. ती दोन टोके जवळ आणली की काम होते:

अण्णांनी ट्रंकेला कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली.

(मोकळी ओळ)

“किल्ली आणलीत ना?” पुणे स्टेशनाबाहेर त्यांच्या हातातली पिशवी घेता घेता श्रीकांतने विचारले.

येथे ‘पुणे स्टेशनाबाहेर’ हे कुठेचे उत्तर झाले. पिशवी हातातून घेतली जाते आहे, म्हणजे अण्णा नुकतेच उतरले आहेत. रात्र गेली, प्रवास झाला, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘आणलीत’ या आदरार्थी रूपातून नाते कळते. शिवाय बापाची खुशाली विचारण्याआधी मुलगा किल्ली विचारतो, यातून कथेला जे म्हणायचे आहे तेही पुढे सरकते. पहिल्या मसुद्यात हाच प्रश्न ‘थोड्या वेळाने’ आला होता आणि म्हणून बोथट झाला होता. सांधा आवळला की आशयही आवळला जातो.

वस्तूचा सांधा सगळ्यांत सोपा, म्हणूनच तो फार वापरला जातो. एका प्रसंगाच्या शेवटी चहाचा कप आणि पुढच्याच्या सुरुवातीला दुसऱ्या घरातला चहाचा कप, हे एका कथेत एकदा चालते. तिसऱ्यांदा वाचक कपाची वाट पाहू लागतो. आवाजाचेही तेच. येथल्या स्वयंपाकघरातली शिट्टी आणि तिथल्या गाडीची शिट्टी ही जोडी चित्रपटांनी इतकी वापरली की कागदावर ती उसनी दिसते. वस्तूपेक्षा प्रश्न जास्त टिकतो. अण्णा घर विकतील का, हा प्रश्न लोंबकळत ठेवून प्रसंग संपवला, तर पुढचा प्रसंग कोणत्याही शहरात, कोणत्याही वर्षी सुरू झाला तरी वाचक बरोबर येतो, कारण त्याला उत्तर हवे असते.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाताशी काही साधने अशी आहेत की ज्यांचा विचार लेखनाच्या शिकवणीत फारसा होत नाही. पहिले साधन म्हणजे रीतिभूतकाळ. ‘जाई, येई, बसे, म्हणत’ ही रूपे आज बोलण्यातून जवळजवळ गेली, पण लेखनात त्यांना पर्याय नाही. ‘अण्णा रोज पहाटे उठत, मुसीच्या पुलापर्यंत जाऊन येत, येताना दूध आणत’ या एका वाक्यात दहा वर्षे मावतात. मग ‘त्या दिवशी मात्र ते पुलापर्यंत गेलेच नाहीत’ असे लिहिले की काळ आपोआप थांबतो आणि प्रसंग उभा राहतो. नेहमीचे सांगून एका दिवसावर येणे हा मराठी गद्यातला बहुधा सर्वांत गुळगुळीत सांधा आहे. पुढच्या परिच्छेदात पुन्हा ‘जात, येत’ सुरू केले की लेखक प्रसंगातून बाहेर पडतो आणि पुन्हा काही वर्षे ओलांडतो.

दुसरे साधन ‘होता’चे. भूतकाळात सांगितलेल्या कथेत आणखी मागे जायचे तर ‘गेला होता, लावला होता’ अशी रूपे लागतात. नवखा लेखक तीन पानांचा पूर्वप्रसंग याच रूपांत लिहितो आणि प्रत्येक वाक्य ‘होता’वर आपटते. ही रूपे फक्त दार उघडायला वापरायची. पहिल्या दोन-तीन वाक्यांत वाचकाला आपण मागे गेलो हे कळले की साध्या भूतकाळावर यावे. अण्णांच्या कथेत १९४८ चा सप्टेंबर आणायचा आहे, हैदराबाद संस्थानावरची १३ ते १७ तारखांची पोलीस कारवाई आणि आठ वर्षांचा मुलगा:

गौलीगुड्यातले सगळे रस्ते त्या दिवशी ओस पडले होते. वडिलांनी दाराला आतून अडसर घातला होता. बंडू फटीला डोळा लावून उभा होता. कोणीतरी कडी वाजवली. वडिलांनी त्याला मागे ओढले आणि दिवा फुंकला.

‘पडले होते, घातला होता’ येथपर्यंत दार उघडले. ‘उभा होता’ हा उंबरठा. ‘वाजवली’पासून आपण आत आहोत आणि १९४८ हाच वर्तमान झाला आहे. परत येतानाही असाच उंबरठा लागतो. कडीचा आवाज दोन्हीकडे ठेवून ‘अण्णा, झोपलात का?’ असे सुनेने विचारले की वाचक परत येतो. ही युक्ती झिजलेली आहे हे खरे. तरी सरळ एक मोकळी ओळ सोडून ‘सून दारात उभी होती’ असे लिहिले, तर तेही तितकेच चालते आणि कमी दिखाऊ दिसते.

त्या उताऱ्यात आणखी एक गोष्ट झाली. अण्णांचा ‘बंडू’ झाला आणि ‘ते’चा ‘तो’. मराठी क्रियापद कर्त्याचे लिंग आणि मान दोन्ही सांगते, त्यामुळे नाव न घेताही पुष्कळ काही कळते. ‘अण्णा ओसरीवर बसले’ आणि ‘तो विहिरीच्या काठावर पाय हलवत बसला’ या दोन वाक्यांत साठ-सत्तर वर्षांचे अंतर आहे आणि एकही तारीख नाही. दृष्टिकोन बदलतानाही याचा उपयोग होतो. सुनेच्या प्रसंगात ते ‘अण्णा आले’ असतात, थोरल्या बहिणीच्या प्रसंगात ‘बंडू आला’. पहिल्याच वाक्यातल्या क्रियापदावरून आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहोत हे वाचकाला उमगते. ज्या भाषांत क्रियापद असे बोलत नाही, तिथल्या लेखकांना यासाठी जास्तीचे शब्द खर्च करावे लागतात.

हैदराबादच्या कथेत तिसरे साधन मिळते, ते शहराच्या बोलीचे. गौलीगुड्यातले मराठी कुटुंब घरात मराठी बोलते, रस्त्यावर दखनी आणि कचेरीत, शेजारी तेलुगू. ही तिन्ही एकाच दिवसात, एकाच तोंडात असतात. घरातला प्रसंग ‘येताना कढीपत्ता आणा’ या वाक्यावर संपला आणि पुढचा ‘कित्ते कू दिये, अम्मा?’ या वाक्याने उघडला, तर बाजाराचे वर्णन करण्याचे कारण उरत नाही. संवादाची भाषाच जागा सांगते. त्यानंतरचा प्रसंग ‘एमंडी’ अशा हाकेने सुरू झाला की आपण तेलुगू बोलणाऱ्यांत आहोत, हे कळते. नाशिकच्या वाचकाला दखनी येत नसली तरी अडत नाही, कारण त्याने शब्दाचा अर्थ लावायचा नसतो, फक्त सूर बदलल्याचे ऐकायचे असते. मात्र हे एक-दोन शब्दांतच शोभते. पानभर तेलुगू संवाद देऊन खाली अर्थ लिहिण्याचा उद्योग कथेला मारक ठरतो. कारवार, बेळगाव किंवा बडोद्यातल्या मराठी कुटुंबांवर लिहिणाऱ्यांनाही हे साधन तितकेच उपलब्ध आहे.

काळाच्या मोठ्या उडीसाठी एकच जागा धरून ठेवणे हा भक्कम उपाय आहे, आणि गौलीगुड्यात अशी एक जागा होतीच. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. गौलीगुड्यातले पत्र्याचे कमानदार छत, ज्याला लोक मिसिसिपी हँगर म्हणत, त्या वाहतुकीचे ठाणे झाले आणि पुढे शहराचे मुख्य बसस्थानक. १९९४ मध्ये मुख्य स्थानक जवळच्या इमलीबनला गेले, तेथे महात्मा गांधी बसस्थानक झाले. जुलै २०१८ मध्ये ते जुने छत आपोआप कोसळले. सुदैवाने त्यात कोणी सापडले नाही. कथेच्या दृष्टीने पाहिले तर त्या एका छताखाली तीन पिढ्या येऊन जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य तिघांत वाटले गेले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. तेव्हा या छताखाली निरोप देणारा सोळा वर्षांचा बंडू एका प्रसंगात उभा करता येतो, आणि पुढच्याच प्रसंगात, जमीनदोस्त पत्र्यांकडे रस्त्यापलीकडून पाहणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा. मधली बासष्ट वर्षे भरून काढायला छत पुरते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. दोन्ही प्रसंगांत त्या जागेचा तोच एक तपशील आला पाहिजे, म्हणजे पत्र्यावरचा पाऊस, डिझेलचा वास किंवा खांबावरचा आकडा. नुसते ‘बसस्थानक’ म्हटल्याने दोन काळ जोडले जात नाहीत.

जागा एकच ठेवण्याचा फायदा विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये दिसतो. १९३९ ची ही छोटी कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटीवर घडते. वाचक कुठे आहे हा प्रश्न बोटीने कायमचा सोडवला आहे, त्यामुळे चक्रधरचे मन कितीही मागे-पुढे गेले तरी चालते. बेडेकर चित्रपटाचे दिग्दर्शकही होते. चित्रपटात डिझॉल्व्ह, फेड आउट, कट असे सांध्यांचे ठरलेले प्रकार असतात, आणि त्यातला कट मराठी कथेने पुढच्या काळात भराभर उचलला. उचलताना एक गोष्ट मात्र राहून गेली. पडद्यावर कट झाला की नवी जागा डोळ्यांना त्याच क्षणी दिसते. कागदावर ती शब्दांनी दाखवावी लागते.

निवेदकच बदलायचा असेल तर आडपडदा न ठेवणे बरे. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही निवेदन करतात. दोन्हींत भागाच्या माथ्यावर सरळ निवेदकाचे नाव असते. पोरकट वाटावे इतके हे सोपे आहे, पण एवढ्या मोठ्या पटावर तेच योग्य. नाव वाचल्यावर वाचक एक श्वास घेतो आणि नव्या माणसाचे ऐकायला बसतो.

नाटकाला अंधार आणि पडदा मिळतो, तरी तिथेही सर्वांत गाजलेला सांधा पडद्याविना झाला. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. त्यात ब्राह्मणांची रांग गात-नाचत माणसांची भिंत होते. ती भिंत पाठ फिरवते, उघडते, मिटते आणि प्रसंग बदलतो. प्रसंग बदलण्याचे यंत्रच तेथे कथेतले पात्र झाले, कारण जे घडते ते झाकण्याचे आणि दाखवण्याचे काम तो समाजच करत असतो. कथालेखकाने यातून घ्यायचे ते इतकेच की सांधा हा केवळ सोयीचा नसतो. तो आशयाचा भाग होऊ शकतो.

प्रत्येक सांधा गुळगुळीतच हवा असेही नाही. अपघात, अचानक मृत्यू, वेडाचा झटका अशा ठिकाणी लेखक मुद्दाम धक्का देतो. तेथे वाचक गोंधळला तर ते लेखकाला हवेच असते, कारण पात्रही गोंधळलेले असते. फक्त बाकीचे सांधे स्वच्छ असतील तरच हा धक्का धक्का म्हणून कळतो. सगळीकडेच खडखडाट असेल तर वाचक तो लेखकाचा हलगर्जीपणा समजतो, आणि तसे समजणे योग्यच आहे.

मोकळी ओळ आणि तीन फुल्या यांच्याबद्दलही थोडे. मोकळी ओळ पानाच्या तळाशी आली तर ती मोकळी ओळ आहे हे कोणाला कळत नाही, म्हणून मुद्रकांनी फुल्यांची प्रथा पाडली. मासिकांच्या अरुंद स्तंभांत आणि आता मोबाइलच्या पडद्यावर हा धोका जास्त. पण फुल्या म्हणजे सांधा नव्हे. फुल्या फक्त काहीतरी संपले एवढे सांगतात, पुढे काय सुरू झाले ते सांगत नाहीत. अर्ध्या पानाला एकदा फुल्या येऊ लागल्या की कथेत प्रसंग नाहीत, तुकडे आहेत असे समजावे. दूरदर्शन मालिकांच्या सवयीने आणखी एक खोड लागली आहे, ती म्हणजे प्रत्येक प्रसंग धक्क्यावर संपवायचा. मालिकेला जाहिरातीनंतर प्रेक्षक परत आणायचा असतो. कथेच्या वाचकाला मध्ये कोणी साबण विकत नाही.

उरल्या त्या झिजलेल्या सुरुवाती. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग येणे, गजर वाजणे, फोन खणखणणे, खिडकीतून कोवळी उन्हे येणे. यातले काहीच निषिद्ध नाही. पण संपादकाच्या टेबलावर आलेल्या कथेत चार प्रसंग अशा जाग येण्यानेच उघडत असतील, तर लेखकाने प्रसंग कुठे सुरू करायचा याचा विचार केलेला नाही, त्याने पात्राचा दिवस जसाच्या तसा उतरवला आहे. प्रसंग जितका उशिरा सुरू करता येईल तितका करावा. अण्णा वकिलाकडे जाणार असतील तर जिना, चपला, घंटी, पाणी हे सगळे सोडून वकिलाने कागद परत सरकवले तिथून सुरुवात करावी.

मसुदा तपासण्याचा एक जुना मार्ग म्हणजे तो कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवणे, तोही हाताने खुणा न करता आणि आवाज न बदलता, कारण छापलेल्या कथेबरोबर लेखकाचा आवाज जात नाही. ऐकणारा जिथे ‘कोण?’ किंवा ‘हे कधीचं?’ असे विचारेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. खुणेच्या ठिकाणी एखादे स्थळ, एखादे नाव किंवा एखादे ‘होता’ घालून पाहावे. बहुतेक सांधे तेवढ्याने बसतात. जे बसत नाहीत त्यांच्यात दोष बहुधा सांध्यात नसतो. मागचा प्रसंग तीन ओळी आधीच संपलेला असतो आणि लेखकाने तो पुढे ताणलेला असतो. त्या तीन ओळी काढाव्यात.